आगर

नेरुळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
आजपासून नवी बॅच.
खोत मॅडमनी फळ्यावर लिहिलं: सूक्ष्मजीवशास्त्र.
इतक्या बारक्या जिवांसाठी एवढा लांबलचक शब्द.

मी मागे, ऑटोक्लेव्हपाशी.
पंधरा पौंड दाब, एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
एकोणीस वर्षं हेच काम:
आधी सगळं मारून ठेवायचं,
मग त्यात मुलं काहीतरी जगवतात.

मॅडम विचारतात, सकाळपासून किती जणांना भेटलात?
कोणी म्हणतं चार, कोणी सात.
तुर्भ्याहून येणारी स्वरांगी
बोटांवर मोजते, मधेच गप्प होते.
मॅडम तिला तेच बोट प्लेटवर टेकवायला लावतात.
"उद्या बघ, सोबत कोण कोण आलं होतं."

मग शाखा.
मला त्या वासावरून पाठ.
जीवाणूंच्या प्लेटांना शिळ्या पेजेचा,
बुरशीच्या कप्प्याला श्रावणातल्या चपलांचा.
शैवालाच्या बाटल्या खिडकीत उभ्या,
त्यांना ऊन लागतं, बोलणं नाही.
विषाणूंना वास नाही.
त्यांचा भिंतीवर एक तक्ता,
आणि दोन हजार वीसचं हजेरीबुक,
मार्चपासून कोरं.
त्या पानांवर मी कोणाला हिशेब लिहू देत नाही.
त्यात माझा थोरला भाऊ आहे.

"डोशाचं पीठ रात्री फुगतं, ते कुठल्या शाखेत?"
"अन्न."
"आणि एमआयडीसीचा नाला?"
"पर्यावरण."
"आणि माझी किडलेली दाढ?"
वर्ग हसला. मॅडमही.
"ती वैद्यकीय. पण तिथेही कोणीतरी संसारच मांडलाय."

मग त्या म्हणाल्या, "यांना वाढवायचं तर अगार लागतं."
समुद्री शेवाळातून काढतात, वगैरे.
मला इतकी वर्षं ऐकू येतं: आगर.

आमचा आगर करावे गावाच्या खाली होता.
खाडीचं पाणी वाफ्यात घेऊन कोंडायचं आणि उन्हाला द्यायचं.
बा, चांगा तांडेल, दिवसभर त्या खारटात उभा.
टाचांच्या भेगांत मीठ, जेवताना बोटांवर मीठ,
आईला वरणात वेगळं घालावं लागत नसे, असं ती म्हणायची.
वैशाखात एक दिवस पाणी गुलाबी दिसे.
बा बांधावर बसून विडी पेटवी:
"पानी तांबरा झाला. आता मीठ पिकल."
पिकल म्हणायचा. भातासारखं.
कोण पिकवतं, हे त्याने विचारलं नाही,
मीही नाही.
आता तिथे सोळाव्या मजल्यावरून खाडी दिसते,
दिसण्याचे वेगळे पैसे पडतात.

गेल्या वर्षी उरणकडून एक बाटली भरून आणली.
मॅडम म्हणाल्या, "इतक्या मिठात लोणचंसुद्धा नासत नाही हो."
तरी प्लेट ओतू दिली,
दर शेराला पाव शेर मीठ घालून.
दोन दिवस, काही नाही.
आठवडा, काही नाही.
जुन्या प्लेटा मारायच्या दिवशी
मी सगळ्या मारल्या, ही एक इनक्युबेटरमागे सरकवली.
नोकरीत केलेली तेवढीच चोरी.

बाविसाव्या दिवशी ठिपके.
लाल, पिंजरीच्या बोटासारखे.
मॅडम भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ.
मग पुस्तक काढलं, मग दुसरं.
"हे जीवाणू नव्हेत, तांडेल. बहुतेक आर्किया.
वेगळंच घराणं. फार जुनं.
पूर्वी यांना जीवाणूंतच मोजायचे,
कारण यांना कोणी नीट विचारलंच नव्हतं."

कपाटात त्यांच्या नावाचा कप्पा नव्हता.
मी एक रिकामा केला, चिकटपट्टी लावली,
स्केचपेनने लिहिलं: आगरी.
मॅडमनी वाचलं. खोडलं नाही.

आज तास संपताना स्वरांगीने नेमकं तेच दार उघडलं.
"मॅम, ही कुठली शाखा?"
मॅडम डस्टर झटकत म्हणाल्या,
"ते तांडेल सांगतील."

चाळीस तोंडं मागे वळली.
नळ चालू होता.
मी तो बंद केला,
हात पुसले.